आरोग्यसेवेचे हस्तांतर : काम दुसऱ्याकडे, जबाबदारी कोणाकडे?

– विशेष प्रतिनिधी

घरी येऊन जखमेचे ड्रेसिंग करणारी परिचारिका, वृद्धांना उठवून आंघोळ घालणारी मदतनीस, लहान बाळाचे वजन पाहणारी हेल्थ व्हिजिटर. अशा सेवा एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्याचे अनेक प्रयोग इंग्लंडमध्ये गेल्या दोन दशकांत झाले. काही निभावले, काही वादात सापडले, तर एक आठ महिन्यांतच कोसळला. अशा हस्तांतरात नेमके काय घडते, कोठे बिघडते आणि अखेर उत्तरदायित्व कोणाकडे उरते, याचा हा मागोवा.

समजा, इंग्लंडमधील एका छोट्या गावात ऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहतात. रोज सकाळी डिस्ट्रिक्ट नर्स येते, इन्सुलिनचे इंजेक्शन देते, पायाच्या जखमेवरचे ड्रेसिंग बदलते. दुपारी एक मदतनीस येते, त्यांना कपडे बदलायला मदत करते आणि जेवण गरम करून देते. भारताप्रमाणेच ब्रिटनमध्येही सरकारी जमाखर्चाचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि सेवांची बहुतेक हस्तांतरे याच तारखेला होतात. त्या सकाळी तीच नर्स, त्याच वेळी, तीच पिशवी घेऊन येते. फक्त गळ्यातील ओळखपत्रावरील संस्थेचे नाव बदललेले असते. हस्तांतर नीट पार पडले तर आजींना दिसतो तो एवढाच फरक. ते नीट झाले नाही, तर नर्स उशिरा येते किंवा येतच नाही. नवी नर्स आलीच, तर तिच्या संगणकावर आजींची नोंद उघडत नाही आणि चौकशीसाठी दिलेला जुना दूरध्वनी क्रमांक बंद झालेला असतो.

या दोन शक्यतांमधील अंतर कंत्राटातील कलमे, कर्मचाऱ्यांच्या याद्या आणि संगणकीय नोंदी यांनी ठरते. म्हणूनच वरवर पाहता केवळ प्रशासकीय वाटणारा हा विषय प्रत्यक्षात रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.

दोन यंत्रणा, दोन तिजोऱ्या

इंग्लंडमधील हे प्रयोग समजून घ्यायचे, तर तेथील व्यवस्थेची मूळ विभागणी ध्यानात घ्यावी लागते. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, अर्थात एनएचएस सुरू झाली. तिचा खर्च करांतून भागवला जातो आणि उपचाराच्या वेळी रुग्णाला पैसे मोजावे लागत नाहीत. घरी जाऊन शुश्रूषा करणे, फिजिओथेरपी, वाचोपचार, बालआरोग्य, छोटी स्थानिक रुग्णालये अशा सेवांना तेथे सामुदायिक आरोग्यसेवा म्हटले जाते.

सामाजिक देखभाल मात्र स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीत येते. वृद्ध, अपंग वा मनोरुग्ण व्यक्तींना दैनंदिन जीवनात लागणारी मदत, वृद्धाश्रमातील निवास, सामाजिक कार्यकर्त्यांमार्फत गरजांचे मूल्यमापन ही तिची कामे. ती सरसकट मोफत नाही. ज्यांची विचारात घेतली जाणारी बचत व मालमत्ता २३,२५० पौंडांहून अधिक आहे, त्यांना सर्वसाधारणपणे खर्च स्वतःच करावा लागतो. २०१० मध्ये ठरलेली ही मर्यादा २०२५ मध्येही तेवढीच होती.

म्हणजे आजींना इन्सुलिन देणारी नर्स एका तिजोरीतून येते, तर जेवण देणारी मदतनीस दुसऱ्या तिजोरीतून. रुग्णाच्या दृष्टीने मात्र या दोन्ही एकाच दिवसाच्या गरजा असतात. हे दोन प्रवाह एकत्र आणण्यासाठी २००६च्या एनएचएस कायद्यातील ७५व्या कलमान्वये दोन्ही यंत्रणांना आपला निधी एकत्र करण्याची मुभा आहे. दोन्ही सेवा मिळून एकाच पुरवठादाराला देण्याची कल्पना याच खटाटोपातून पुढे आली.

खरेदीदार वेगळा, पुरवठादार वेगळा

सेवा देणारी संस्था बदलता येईल, हा विचार १९९०च्या एनएचएस व सामुदायिक देखभाल कायद्याने रुजवला. सेवा विकत घेणारी यंत्रणा एक आणि ती प्रत्यक्ष पुरवणारी संस्था दुसरी, अशी विभागणी त्या वेळी झाली. तथापि, सामुदायिक सेवांच्या बाबतीत ही विभागणी बराच काळ कागदावरच राहिली. प्रायमरी केअर ट्रस्ट या स्थानिक यंत्रणाच सेवा विकत घेत आणि आपल्याच नोकरीतील परिचारिकांकडून त्या पुरवीत.

२००८ मध्ये शल्यविशारद लॉर्ड आरा दारझी यांनी एनएचएसचा व्यापक आढावा सादर केला. त्यानंतर या ट्रस्टनी आपला पुरवठादार विभाग वेगळा काढावा, असे धोरण ठरले आणि २०११ पर्यंत ही प्रक्रिया देशभर राबवली गेली. काही सेवा एनएचएसच्या रुग्णालयांकडे वा मानसोपचार ट्रस्टकडे गेल्या, काहींसाठी स्वतंत्र सामुदायिक ट्रस्ट उभे राहिले, तर काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनीच सामाजिक उपक्रम म्हणून संस्था काढल्या. सरे परगण्यातील सेंट्रल सरे हेल्थ हे या अखेरच्या प्रकाराचे आद्य उदाहरण. २००६ मध्ये एनएचएसमधून बाहेर पडलेल्या परिचारिका व थेरपिस्ट यांनी ती चालवायला घेतली. प्रत्येक कर्मचाऱ्याकडे एक पेनी किमतीचा एक भाग, अशी तिची मालकीची रचना होती.

पुढे २०१२च्या आरोग्य व सामाजिक देखभाल कायद्याने प्रायमरी केअर ट्रस्ट मोडीत काढले. १ एप्रिल २०१३ पासून खरेदीची जबाबदारी डॉक्टरांच्या नेतृत्वाखालील क्लिनिकल कमिशनिंग ग्रुपकडे, म्हणजे सीसीजीकडे आली आणि स्पर्धात्मक निविदांना अधिक वाव मिळाला. १ जुलै २०२२ रोजी सीसीजीही बरखास्त झाले आणि त्यांच्या जागी इंटिग्रेटेड केअर बोर्ड आले. सेवा देणारे तर बदलत होतेच. त्या विकत घेणारेही दर दशकात बदलत राहिले, ही बाब पुढील घडामोडी वाचताना लक्षात ठेवावी लागते.

हस्तांतरात नेमके काय जाते?

सेवा ही इमारत वा यंत्र नव्हे की जिची किल्ली एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावी. तिचे अनेक घटक असतात आणि प्रत्येकाचा मार्ग निराळा असतो.

कर्मचारी : सर्वांत महत्त्वाचा घटक हाच. ब्रिटनमध्ये ‘ट्यूपी’ या नावाने ओळखले जाणारे नियम १९८१ मध्ये प्रथम आले आणि २००६ मध्ये त्यांची नव्याने मांडणी झाली. त्यांनुसार, हस्तांतरित होणाऱ्या सेवेत नेमलेले कर्मचारी आपोआप नव्या मालकाकडे जातात. त्यांचा पगार, रजा, कामाच्या अटी आणि सेवेचा अखंडपणा कायम राहतो. केवळ हस्तांतराचे निमित्त करून अटी बदलता येत नाहीत. जुन्या मालकाने कर्मचाऱ्यांचा तपशील नव्या मालकाला किमान २८ दिवस आधी द्यावा लागतो, तसेच कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना माहिती द्यावी लागते. जायचे नसेल तर कर्मचाऱ्याला नकार देता येतो. पण सर्वसाधारणपणे त्याबरोबर त्याची नोकरीही संपते आणि भरपाई मिळत नाही.

या संरक्षणाला मर्यादाही आहेत. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये लंडनमधील लुईशम कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांसंबंधी एक निर्णय दिला. ज्या वाटाघाटींत नव्या खासगी मालकाला भागच घेता येत नाही, त्यांतून हस्तांतरानंतर ठरलेली वेतनवाढ त्याच्यावर बंधनकारक नाही, असा त्याचा आशय होता. याचा अर्थ असा, की जाताना पगार सुरक्षित असला, तरी पुढील वाढ सुरक्षित असतेच असे नाही. २०२३ मध्ये एनएचएस कर्मचाऱ्यांना एकरकमी रक्कम जाहीर झाली. तेव्हा एनएचएससाठीच काम करणाऱ्या, पण सामाजिक उपक्रमांच्या नोकरीत असलेल्या परिचारिका प्रथम तिच्यातून वगळल्या गेल्या. ओरड झाल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने पात्र संस्थांना त्यासाठी निधी देण्याचे मान्य केले.

निवृत्तिवेतन : ट्यूपी नियमांत व्यावसायिक निवृत्तिवेतन योजना आपोआप येत नाही. त्यासाठी सरकारचे ‘फेअर डील’ हे वेगळे धोरण आहे. २०१३ मध्ये सुधारलेल्या या धोरणामुळे हस्तांतरित कर्मचाऱ्यांना एनएचएसच्या निवृत्तिवेतन योजनेत राहता येते. नव्याने भरती होणाऱ्यांना मात्र हा लाभ मिळेलच असे नाही. परिणामी एकाच खोलीत, एकच काम करणाऱ्या दोन परिचारिकांच्या सेवाशर्ती वेगवेगळ्या होतात.

नोंदी : रुग्णांच्या नोंदी एका संगणकप्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत न्याव्या लागतात. कोणाच्या ड्रेसिंगची पुढील तारीख कोणती, कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, कोणत्या बालकाच्या सुरक्षिततेविषयी शंका नोंदवलेली आहे, ही माहिती एक दिवसही हरवून चालत नाही. पुन्हा हे सारे माहिती संरक्षण कायद्याच्या चौकटीतच करावे लागते.

परवाना : नव्या संस्थेने केअर क्वालिटी कमिशन या नियामकाकडे नोंदणी केलेली असणे अनिवार्य आहे. नोंदणीविना अशी सेवा देणे हा गुन्हा ठरतो. कंत्राट मिळाले, परंतु नोंदणी लांबली, तर कामाची तारीखच पुढे ढकलावी लागते.

इमारती आणि साहित्य : प्रायमरी केअर ट्रस्ट बंद झाले, तेव्हा त्यांच्या अनेक इमारती २०१३ मध्ये एनएचएस प्रॉपर्टी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीकडे गेल्या. त्यामुळे नवा पुरवठादार अनेकदा मालक नव्हे, भाडेकरू असतो. पलंग, उचलयंत्रे, लॅपटॉप आणि मोटारी यांची मोजदाद वेगळी करावी लागते.

छोटे उपकंत्राटदार : गावातील स्मृतिभ्रंश मदतगट किंवा अपंगांसाठी वाहनसेवा देणारी धर्मादाय संस्था अनेकदा मुख्य पुरवठादाराच्या हाताखाली काम करते. मुख्य कंत्राट बदलले, की तिचा करारही नव्याने करावा लागतो. हस्तांतराच्या चर्चेत सर्वांत आधी विस्मरणात जातो तो हाच घटक.

सरे : कंत्राट हरल्यावर न्यायालयात

या सर्व घटकांची कसोटी कशी लागते, हे तीन परगण्यांतील अनुभवांवरून दिसते. सरे परगण्याच्या वायव्य व नैर्ऋत्य भागांतील सामुदायिक सेवांचे सुमारे ५० कोटी पौंडांचे पाच वर्षांचे काम २०१२ मध्ये व्हर्जिन केअर या खासगी कंपनीला मिळाले. ज्या सेंट्रल सरे हेल्थचा आदर्श म्हणून गौरव होत असे, तिलाच शेजारच्या भागातील या स्पर्धेत हार पत्करावी लागली. कर्मचारी-मालकीच्या छोट्या संस्थांना मोठ्या भांडवलापुढे टिकाव धरता येईल का, हा प्रश्न तेव्हा प्रकर्षाने पुढे आला. पाच वर्षांनी चित्र काहीसे पालटले. २०१७ मध्ये वायव्य सरेतील प्रौढांच्या सेवा सेंट्रल सरे हेल्थकडे आल्या. म्हणजे तेथील काही परिचारिकांनी एकाच भागात, बहुधा त्याच रुग्णांची सेवा करताना, पाच-सहा वर्षांत तीन मालक पाहिले.

सरेमधील बालआरोग्य सेवांचे काम मात्र निराळ्या कारणाने गाजले. ८.२ कोटी पौंडांचे ते कंत्राट एनएचएस संस्था आणि सामाजिक उपक्रम यांच्या गटाला देण्यात आले. निविदा प्रक्रिया सदोष होती, असा दावा करीत व्हर्जिन केअरने २०१६ मध्ये स्थानिक खरेदीदार यंत्रणांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पुढील वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले आणि सार्वजनिक निधीतून कंपनीला रक्कम द्यावी लागली. एका सीसीजीच्या कागदपत्रांवरून एकट्या तिचाच वाटा ३,२८,००० पौंडांचा असल्याचे उघड झाले. खरेदीदाराला निवडीचे स्वातंत्र्य असते. मात्र त्या निवडीची किंमत कधीकधी न्यायालयाबाहेर मोजावी लागते, हा धडा यातून मिळाला.

केंब्रिजशर : आठ महिन्यांचा करार

सर्वांत बोलके उदाहरण केंब्रिजशर व पीटरबरो भागाचे. तेथील सीसीजीने वृद्धांच्या आरोग्यसेवा आणि प्रौढांच्या सामुदायिक सेवा यांचे पाच वर्षांचे, सुमारे ७२.५ कोटी पौंडांचे एकत्रित कंत्राट काढले. ते कोणत्याही खासगी कंपनीला गेले नाही. दोन एनएचएस ट्रस्टनी मिळून स्थापन केलेल्या युनायटिंगकेअर या भागीदारी संस्थेने ते मिळवले. हेतूही स्तुत्य होता. वृद्धांची घरच्या घरी चांगली काळजी घेतली, तर ते रुग्णालयात कमी वेळा दाखल होतील आणि वाचलेल्या पैशांतून सेवा सुधारता येतील, असे गणित त्यामागे होते.

१ एप्रिल २०१५ रोजी काम सुरू झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच भागीदारीने अधिक निधीची मागणी केली. सीसीजीकडे तेवढा पैसा नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये, अवघ्या आठ महिन्यांत, करार संपुष्टात आला.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये या प्रकरणाची चौकशी केली आणि त्याच वर्षी संसदेच्या लोकलेखा समितीनेही त्यावर अहवाल दिला. त्यांतून पुढे आलेली कारणे आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. चालू सेवांवर नेमका किती खर्च होतो, याची पुरेशी माहितीच उपलब्ध नव्हती. काही रकमांवर एकमत झालेले नसतानाही काम सुरू करण्यात आले. भागीदारी संस्था ही स्वतः एनएचएस संस्था नव्हती, त्यामुळे एनएचएस संस्थांना मिळणारा मूल्यवर्धित कराचा परतावा तिला मिळणार नव्हता. हा मोठा खर्च हिशेबात वेळीच धरला गेला नाही. सीसीजीकडे एवढ्या मोठ्या व्यवहारासाठी लागणारे व्यापारी कौशल्य अपुरे होते. त्याहूनही गंभीर बाब म्हणजे, निरनिराळे नियामक आपापल्या वाट्याचा भाग तपासत राहिले. संपूर्ण व्यवहार उभा राहू शकेल का, हे पाहण्याची जबाबदारी कोणा एकाकडे नव्हतीच.

त्यातल्या त्यात जमेची बाजू म्हणजे, रुग्णांची सेवा थांबली नाही. कर्मचारी भागीदारीतील एका ट्रस्टच्या नोकरीत होते आणि सीसीजीने त्या ट्रस्टशी थेट करार केला. कंत्राट कोसळले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका कामावर गेल्या. पुरवठादार खासगी आहे की सरकारी, एवढ्यावरच यशापयश ठरत नाही, हेही या घटनेने दाखवले. हिशेब कच्चा असेल, तर सार्वजनिक संस्थांचा आपसांतील करारही तरत नाही.

बाथ : गेले आणि अर्धे परतले

बाथ व नॉर्थ ईस्ट सॉमरसेट या भागाची कथा दीर्घ आहे. तेथे ऑक्टोबर २०११ मध्ये आरोग्य आणि प्रौढांची सामाजिक देखभाल या दोन्ही सेवा सिरोना या सामाजिक उपक्रमाकडे सोपवण्यात आल्या होत्या. २०१६च्या अखेरीस कौन्सिल व सीसीजी यांनी संयुक्तपणे नव्या कंत्राटासाठी व्हर्जिन केअरची निवड केली. सुमारे ७० कोटी पौंडांचे, सात वर्षांचे आणि पुढे तीन वर्षे वाढवता येईल असे हे काम १ एप्रिल २०१७ पासून सुरू झाले. दोनशेहून अधिक सेवा त्यात अंतर्भूत होत्या. कौन्सिलच्या सामाजिक कार्याचा गाभा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे जात असल्याने स्थानिक पातळीवर विरोधही झाला.

डिसेंबर २०२१ मध्ये आणखी एक वळण आले. व्हर्जिन केअरच ट्वेंटी-ट्वेंटी कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने विकत घेतली आणि कंपनीचे नाव एचसीआरजी केअर ग्रुप झाले. येथे सेवेचे हस्तांतर झाले नाही, झाले ते मालकीचे. कंपनीचे भाग विकले गेले, तर कर्मचाऱ्यांचा मालक कायद्याच्या दृष्टीने तोच राहतो, त्यामुळे ट्यूपी नियम लागू होत नाहीत. निविदेच्या वेळी ज्या संस्थेची पारख केली, तिच्यामागचे भांडवल मध्येच बदलू शकते, ही बाब अशा कंत्राटांत आधीच विचारात घ्यावी लागते.

पुढे कौन्सिलने प्रौढांची सामाजिक देखभाल स्वतःकडे परत घेण्याचे ठरवले आणि एप्रिल २०२४ मध्ये ती परत आलीही. आरोग्यसेवांचा मार्ग मात्र निराळा राहिला. बाथ, स्विंडन व विल्टशर या विस्तारित भागासाठी तेथील इंटिग्रेटेड केअर बोर्डाने काढलेले सात वर्षांचे नवे कंत्राट एचसीआरजीलाच मिळाले आणि एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाले. ज्या दोन सेवा एकत्र आणण्यासाठी २०११ पासून खटपट झाली, त्या पुन्हा दोन वेगळ्या संस्थांकडे गेल्या.

पुरवठादारच बुडाला तर?

ठरवून केलेल्या हस्तांतराला महिने मिळतात. अचानक कराव्या लागणाऱ्या हस्तांतराला काही दिवसच. सदर्न क्रॉस ही एकेकाळी ब्रिटनमधील सर्वांत मोठी वृद्धाश्रम कंपनी होती. तिचे सुमारे ७५० आश्रम आणि ३१,००० रहिवासी होते. इमारती विकून त्याच भाड्याने घेण्याच्या पद्धतीमुळे भाड्याचा बोजा वाढत गेला आणि २०११ मध्ये कंपनी कोलमडली. आश्रम इतर चालकांकडे सोपवण्यात आले. त्यांपैकी सुमारे २५० एचसी-वन या नव्या कंपनीने घेतले. ते काही महिने हजारो वृद्धांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना आपला मुक्काम पुढे कोठे असेल, हे ठाऊक नव्हते.

या अनुभवातून २०१४च्या केअर कायद्यात दोन महत्त्वाच्या तरतुदी आल्या. पुरवठादार आर्थिकदृष्ट्या कोसळला, तर त्याच्याकडील व्यक्तींच्या गरजा तात्पुरत्या भागवण्याचे कर्तव्य स्थानिक कौन्सिलवर टाकण्यात आले. रहिवासी स्वखर्चाने राहत असला, तरी हे कर्तव्य लागू होते. दुसरे म्हणजे, ज्यांची जागा सहजी भरून काढता येणार नाही अशा मोठ्या पुरवठादारांच्या आर्थिक स्थितीवर एप्रिल २०१५ पासून केअर क्वालिटी कमिशन लक्ष ठेवू लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये अलाइड हेल्थकेअर या घरपोच देखभाल कंपनीबाबत कमिशनने कौन्सिलना पहिल्यांदाच असा धोक्याचा औपचारिक इशारा दिला. सेवा बंद पडण्यापूर्वी पर्यायी व्यवस्था करण्यास त्यामुळे अवधी मिळाला.

याच कायद्याचे ७९वे कलम या साऱ्या विषयाचे मर्म सांगते. कौन्सिलला आपली बरीचशी कामे दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येतात. परंतु त्या संस्थेने केलेली वा न केलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने कौन्सिलनेच केली वा टाळली, असे मानले जाते. अत्याचार वा दुर्लक्षापासून प्रौढांचे संरक्षण करण्याची कर्तव्ये तर सोपवताच येत नाहीत.

निवडीचे नवे नियम

१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये आरोग्यसेवांच्या खरेदीसाठी ‘प्रोव्हायडर सिलेक्शन रेजिम’ ही नवी नियमावली लागू झाली. प्रत्येक वेळी निविदा काढलीच पाहिजे, हा दबाव तिने कमी केला. विद्यमान पुरवठादार समाधानकारक काम करीत असेल आणि सेवेत मोठा बदल होणार नसेल, तर त्यालाच काम पुढे देता येते. योग्य पुरवठादार स्पष्ट दिसत असेल, तर स्पर्धेविना त्याची निवड करता येते. अन्य प्रसंगी स्पर्धा घ्यावी लागते. निर्णयाची कारणे नोंदवून ठेवणे आणि ठरावीक मुदतीत आक्षेपाची संधी देणे मात्र बंधनकारक आहे. केवळ सामाजिक देखभालीची खरेदी या नियमावलीत येत नाही. तिला सार्वजनिक खरेदीचे सर्वसाधारण कायदे लागू होतात. दोन तिजोऱ्यांची अडचण येथेही पाठ सोडत नाही.

मराठी घरांशी संबंध

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, तर काही जण तेथील रुग्णालयांत व देखभाल संस्थांत नोकरी करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये देखभाल मदतनिसांना आरोग्य व देखभाल व्हिसाची दारे खुली झाली, तेव्हा भारतातूनही मोठ्या संख्येने लोक गेले. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून या कामासाठी होणारी नवी भरती थांबवण्यात आली. तेथे आधीच काम करीत असलेल्यांच्या दृष्टीने हस्तांतर हा केवळ पगाराचा प्रश्न नसतो. त्यांचा व्हिसा विशिष्ट मालकाच्या प्रायोजकत्वाशी जोडलेला असतो. ट्यूपी नियमांखाली मालक बदलला, तर साधारणतः नवा व्हिसा काढावा लागत नाही; पण नव्या मालकाकडे प्रायोजकत्वाचा परवाना असावा लागतो किंवा २० कार्यालयीन दिवसांत त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यात कसूर झाली, तर कर्मचाऱ्याचे वास्तव्यच धोक्यात येऊ शकते. ओळखपत्रावरचे नाव बदलण्यापूर्वीच ही चौकशी करून ठेवणे हिताचे.

विचारायचे प्रश्न

सेवेचा पुरवठादार बदलणार असेल, तर रुग्ण, नातेवाईक आणि लोकप्रतिनिधी यांनी काही प्रश्न आधीच विचारावेत, असे वरील अनुभवांवरून म्हणता येते. आजचा प्रत्यक्ष खर्च किती आणि तो कोणी तपासला? सध्याचे कर्मचारी कोणत्या अटींवर जाणार आणि नव्याने येणाऱ्यांच्या अटी कोणत्या? पहिल्या दिवशी सकाळी रुग्णाच्या नोंदी नर्सला दिसतील का? कंपनीची मालकी बदलली, तर कंत्राटाचे काय? पुरवठादाराने मध्येच काम सोडले, तर दुसऱ्या दिवशी कोण येणार? तक्रार नव्या संस्थेकडे करायची, की काम सोपवणाऱ्या यंत्रणेकडेही दाद मागता येईल?

सार्वजनिक आरोग्यसेवा कंत्राटाने चालवण्याचा अनुभव आपल्यालाही नवा नाही. २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा शासनाने खासगी पुरवठादाराकडूनच चालवून घेतली. इंग्लंडमधील कायदे आपल्याकडे लागू होत नाहीत. हे प्रश्न मात्र लागू होतात. कंत्राट पाच वर्षांचे असते, सातांचे असते, आठ महिन्यांत संपणारेही असते. जखमेवरचे ड्रेसिंग मात्र ठरल्या दिवशी बदलावेच लागते. ते बदलले गेले नाही, तर जाब कोणाला विचारायचा, याचे उत्तर कंत्राटावर सही होण्यापूर्वीच ठरलेले असायला हवे.